नंबर विचारणारे वानखेडेकाका

अमेरिकेत, शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलमध्ये कुणाकडेही जेवायला बोलावलं, की वानखेडेकाका बूट काढता काढता पोरांना गाठायचे. "काय गं, कितवा नंबर?" माझी सई पुटपुटायची, "काका, वी डोन्ट हॅव रँक्स." मग काका माझ्याकडे असे बघायचे, जणू तिचा नंबर मीच लपवून ठेवलाय. मला या प्रश्नाचा वीट आला होता. एकदा मी तसं तोंडावर बोललेही.

"काय बोलून राहिली तू, मीना?" काका म्हणाले. "नागपूरला मुलाखतीत पहिलं आडनाव विचारत. मग वडील काय करतात ते. वस्ती कोणती ते. नंबराला असं काही विचारता येत नाही. पहिला म्हणजे पहिला."

त्या पहिल्या नंबरावर ते इंजिनिअर झाले, इथवर आले. लेकीला, मैत्रेयीला, उत्तम शाळा मिळावी म्हणून त्यांनी ऐपतीबाहेरचं घर या भागात घेतलं. मैत्रेयी शाळेत अव्वल होती, हे तिचे शिक्षकही बोलून दाखवायचे. पण कॉलेजच्या अर्जांची वेळ आली, तेव्हा कळलं की आमची शाळा कॉलेजांना नंबर कळवतच नाही. त्या रकान्यात फक्त 'रँक दिला जात नाही' एवढंच जातं.

काका मला घेऊन शाळेच्या काउन्सेलरकडे गेले. "मी चिडलो तर आवर," असं आधीच बजावलं होतं. बाई गोड होत्या. म्हणाल्या, इथे इतकी मुलं हुशार आहेत, की नंबर लावले तर चांगली मुलंही उगाच खाली दिसतील. शिवाय कॉलेजं नुसते मार्क नाही, अख्खं मूल बघतात, निबंध, आवडीनिवडी, स्वभाव.

"मी याच शाळेसाठी इथे घर घेतलं," काका म्हणाले.

"एक्सलंट चॉइस!" बाई हसल्या.

मला आवरायची वेळच आली नाही. काका उठले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "स्वभाव बघणार म्हणे. ही मुलाखतच झाली, मीना."

त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्या बाजूने चिडले. शेजारच्या गावातली शाळा नंबर कळवते, तिथल्या पहिल्या मुलाचं पहिलेपण सरळ कॉलेजपर्यंत पोचतं. आमच्याकडे खालच्यांची अब्रू राखायला वरचीला झाकून ठेवतात. ज्यांचे आईबाप त्याच कॉलेजात शिकले, त्यांना इथे झुकतं माप मिळतं, त्यांच्याकडे दाखवायला इतर पुष्कळ असतं. मैत्रेयीकडे तो नंबरच होता.

वसंतात तिला हव्या त्या कॉलेजचा नकार आला. कारण कुणी सांगत नाही. नंबर न कळवल्यामुळेच झालं असं म्हणता येत नाही, आणि त्यामुळे नाही असंही म्हणता येत नाही. भांडायचं तरी कुणाशी? मैत्रेयी दुसऱ्या कॉलेजात गेली, रमलीही. "बाबा, आय ॲम फाइन, लेट इट गो," असं ती फोनवर सांगते. काका "हो हो" म्हणतात.

मागच्या महिन्यात ते आमच्याकडे जेवायला आले. सई दारातच उत्तर तयार ठेवून उभी होती. काकांनी बूट काढले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "कशी आहेस, बेटा?"

सई गोंधळली. "काका, यू डिडन्ट आस्क!"

इतकी वर्षं नको वाटणारा तो प्रश्न आता मलाच हवासा झाला. "विचारा ना काका," मी म्हणाले.

"काय विचारू, मीना?" ते सोफ्यावर बसत म्हणाले. "वडील काय करतात, ते?"