घरी विचारून सांगतो

प्रवासवर्णन लिहावं इतका प्रवास मी केलेला नाही. महाराष्ट्राबाहेर एकदाच गेलो आणि दोन-तीन दिवसांत परतही आलो. ज्यांनी खूप जग पाहिलं आहे त्यांनी हे वाचून हसावं, माझी हरकत नाही. पण सानगडीच्या बाजारात भेटणारा प्रत्येक जण विचारतो, "कसं होतं रे तिकडं?" आणि उभ्याउभ्या मला नीट सांगता येत नाही. म्हणून हे धाडस. कुठं जास्त बोललो तर माफ करावं.

आमचं गाव साकोली तालुक्यात, सानगडीजवळ. भंडाऱ्याच्या कॉलेजातून मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. एम.एस्सी.साठी दोन ठिकाणी परीक्षा दिल्या होत्या. नागपूरच्या विद्यापीठाच्या यादीत माझं नाव लागलं, आणि हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठानं मुलाखतीला बोलावलं. नागपूरला प्रवेश पक्का करण्याचा शेवटचा दिवस नेमका मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी होता. तिथं मूळ टी.सी. जमा करावी लागते, आणि टी.सी. एकच असते. हैदराबादसाठी ती हातात ठेवली आणि हैदराबाद मिळालं नाही, तर दोन्ही जाऊन वर्ष वाया.

निघालो तेव्हा रोवणी (धानाची लावणी) जोरात होती. पहाटेच आई-बाबा बांधीत (धानाच्या शेतात) उतरले होते. मी धुऱ्यावरूनच (बांधावरून) हात केला. बाबा पऱ्ह्यांची (रोपांची) पेंढी तशीच हातात धरून म्हणाले, "जाऊन त पाय. मंग पाहू." शेजारच्या शांताकाकूंनी चिखलातूनच ओरडून जय भीम केला. "पोट्टा चालला बाप्पा इमानात बसाले!"

"रेल्वेनं जाऊन राहिलो काकू."

"मालूम हाय मले. इमानाचंही दिसन एखांद्या दिवशी."

साकोलीहून एसटीनं भंडारा, भंडाऱ्याहून नागपूर, आणि तिथून सकाळची गाडी. बल्लारशानंतर जंगल लागलं. ते आपल्याकडच्यासारखंच होतं, त्यामुळे परका मुलूख सुरू झाला असं काही वाटलं नाही. पुढं गोदावरी लागली. पाणी गढूळ होतं आणि पात्र इतकं रुंद की वैनगंगेचा अभिमान असलेला मी गप्प झालो.

समोरच्या बाकावर धोतर नेसलेले एक म्हातारे शेतकरी आणि त्यांची बायको होती. खिडकीबाहेर ताडाची झाडं, धानाची शेतं आणि तलावामागून तलाव जात होते. ओणव्या होऊन रोवणाऱ्या बायाही तशाच, फक्त लुगडी वेगळ्या रंगांची. म्हाताऱ्यांनी बोट दाखवलं. "चेरुवू (तलाव). हमारे पुराने राजा लोग बनाए."

"हमारे भंडारा में भी बहुत तालाब हैं," मी म्हणालो.

"इतने?"

"इतने."

त्यांना ते पटलं नाही. मग काजीपेठ येईपर्यंत आम्ही आपापले तलाव मोजून दाखवत होतो. शेवटी आजींनी डबा उघडून पुलिहोरा (चिंचेचा पिवळा भात) माझ्या हातावर ठेवला आणि तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. आजोबांनी हसून अर्थ सांगितला, "बोलती है, दोनों के तालाब में मछली है न? अब खाओ."

संध्याकाळी शहरात उतरलो आणि पहिलीच बस चुकीची पकडली. पाट्या तेलुगूत, गोल गोल अक्षरांच्या. कंडक्टरला विद्यापीठाचं नाव सांगितलं, त्यानं मान हलवली. ती मान 'नाही' अशी होती हे मला शहराच्या दुसऱ्या टोकाला कळलं. परत येऊन विद्यापीठात पोचलो तोवर चांगलीच रात्र झाली होती. फाटकापासून पुढं इतकी झाडी की वाटलं, आमच्याकडं विचारतात तसं इथंही कुणीतरी विचारेल, वाघ दिसला का? मुलाखतीला आलेल्यांची सोय एका वसतिगृहात होती. मेसमध्ये भात हवा तेवढा, आणि भाजी गोंगुरा, म्हणजे आपली अंबाडीच. मी तीनदा वाढून घेतली. वाढणारे काका माझ्याकडे बघून खूश झाले.

सकाळी खूप लवकर उठून आवार पाहिलं. मोठमोठे दगड एकावर एक रचल्यासारखे, मध्ये तलाव, आणि त्याच्या काठावर दोन विद्यार्थी बाटल्यांमध्ये पाणी भरून त्यावर चिठ्ठ्या लावत होते. मी विचारलं, तर त्यांनी पाणवनस्पतींबद्दल अर्धा तास सांगितलं. मला 'तू कोण' हे त्यांनी शेवटी विचारलं. हे मला फार आवडलं.

मुलाखतीच्या खोलीत चार जण होते. मधल्या बाईंनी आधी बसायला सांगितलं, पाणी दिलं. इंग्रजी अडखळत होतं, पण तलावातल्या वनस्पतींवर आल्यावर सुटलो. शिंगाडा, कमळ, बेशरमाची झुडपं, आमच्या बोडीत (छोट्या तलावात) काय कधी वाढतं ते सगळं सांगितलं. शेवटी बाईंनी इंग्रजीतच विचारलं, "तुम्हाला नागपूरला जागा मिळालेली दिसते. आम्ही दिली, तर नक्की याल?"

मी म्हणालो, "मॅडम, घरी विचारून सांगतो."

एक सर चष्म्यावरून पाहत म्हणाले, "घरी न विचारता आलात?"

"यायचं विचारलं होतं सर. राहायचं नाही."

ते हसले. मी बाहेर आलो. बाहेर ओडिशाची रश्मिता नावाची मुलगी नंबराची वाट पाहत होती. झालेलं ऐकून तिनं कपाळावर हात मारला. "अरे, ऐसा कौन बोलता है? सब लोग 'यस मॅम' बोलते हैं!"

मला खरंच दुसरं उत्तर सुचलं नव्हतं. माझी आई रोवणाऱ्या बायांच्या टोळीची पुढारीण आहे. शेतकरी दारात येऊन विचारतो, "उद्या येता का?" आई कधीच तिथल्या तिथं हो म्हणत नाही. "बायाईले इचारून सांगीन," म्हणते. घरोघर जाऊन विचारते, मग शब्द देते. एकदा दिला की दुसऱ्यानं जास्त मजुरी देऊ केली तरी टोळी फिरत नाही. मोठ्या कामाला लगेच हो म्हणणारा माणूस आमच्याकडं हलका समजतात. इथं ते उलट आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी व्हरांड्यात जाऊन आईला फोन लावला. शांताकाकूंनी उचलला आणि माझं ऐकून बांधीभर ओरडल्या, "इचारून राहिला, नागपूर का हैदराबाद!"

फोन स्पीकरवर गेला. बाबा म्हणाले, "नागपूर जवळ हाय. शनवारी घरी येता येते."

कुणीतरी म्हणालं, "नागपूरले त कोणीबी जाते!"

"तुयाच पोट्ट्याले पाठव ना मंग लंडनले," दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या.

मग आईनं विचारलं, "मास्तरीन कशी बोलली तुयासंग?"

"बस म्हणाली. पाणी देल्लं."

"अना तुया मनात काय हाय? थे सांग आंधी."

तलावाच्या काठावरचे ते दोघं डोळ्यांसमोर आले. मी म्हणालो, "आई, इथंच राहावं वाटते."

"नाई भेटलं त?"

"त वर्ष जाईन."

पलीकडे पाण्यात पाय हलल्याचा आवाज आला. मग आई बाबांना काहीतरी बोलली, बाबा "हव" म्हणाले, आणि आई फोनवर आली. "सांगून दे मंग. पर सांगतलं का फिराचं नाई, समजलं?"

शिपाई मला आत सोडेना. शेवटचा उमेदवार बाहेर येईपर्यंत मी दाराशी उभा राहिलो आणि मग विचारलं, "मे आय कम इन?" चौघांनी वर पाहिलं.

"घरी विचारलं मॅडम. इथंच येणार. नागपूरला आता जात नाही."

"जागा मिळेलच असं आम्ही म्हटलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"हो मॅडम. ते घरी सांगितलं."

बाईंनी समोरचे कागद एकत्र केले. "ठीक आहे. आता आम्हालाही आपसात विचारावं लागेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी नागपूरला उतरलो. टी.सी. पाठीवरच्या बॅगेत होती. माझा कॉलेजचा मित्र मंगेश सकाळीच प्रवेश घेऊन मोकळा झाला होता. त्याचा फोन आला. "कुठं हायेस बे? पाच वाजता खिडकी बंद होते!"

"मी नाई येऊन राहिलो."

"काहून? पागल झाला का?"

"तिकडं हो म्हणून आलो."

"अबे, त्याईनं हो म्हटलं का पण?"

मी फोन ठेवला. बसस्थानकावर भंडाऱ्याची गाडी लागली होती. मी चढलो. मौद्यापर्यंत दोनदा बॅग उघडून टी.सी. पाहिली, खोटं कशाला सांगू. भंडाऱ्याच्या अलीकडं वैनगंगेचा पूल आला. नदी काठोकाठ भरली होती, आणि का कोण जाणे, मला एकदम ताठ बसावंसं वाटलं. आमच्या टोळीचा शब्द आजवर जवळपासच्या गावांपुरता होता. मी तो हैदराबादला देऊन आलो होतो, मोठ्या लोकांसमोर, अडखळत का होईना.

घरी आल्यावर कुणी काही विचारलं नाही. मी दुसऱ्या दिवसापासून बांधीत उतरलो. विद्यापीठं निवडताना लोक इमारती, नाव, पुढची नोकरी पाहतात. तेही बरोबरच असेल. मी मात्र एवढंच सांगू शकतो की मला एक जागा मनापासून आवडली आणि ती आवडली असं म्हणायची मला घरून मुभा मिळाली. आमच्या घरात याआधी कुणाला अशी निवड करायची वेळच आली नव्हती.

रोवणी संपत आली होती तेव्हा रश्मिताचा फोन आला. माझे हात कोपरापर्यंत चिखलात होते, म्हणून बाबांनी फोन माझ्या कानाला धरला. टोळीतल्या बाया कंबर सरळ करून उभ्या राहिल्या.

"लिस्ट आ गई," ती म्हणाली. "वेटिंग में नहीं, सीधा सिलेक्टेड में है तू. मैं भी."