गोलकीपरची आई

माझी मुलगी गोलकीपर होती. कोल्हापुरात पेठापेठांतून फुटबॉल खेळतात, पण ते पोरांचं. उचगावातून सायकल हाणत रोज मैदानावर जाणारी पोरगी ही एकटीच. गुडघे सोललेले, कोपरं काळीनिळी. मला बघवत नसे. तिच्या वडिलांची दोन बोटं फाउंड्रीत गेली होती. तेव्हापासून घरात कुणाला साधं खरचटलं तरी मी हळदीचा डबा घेऊन धावायचे.

दहावीनंतर राज्याच्या शिबिरासाठी तिची निवड झाली. पालकांची सही घ्यायला तिच्या शिक्षिका स्वतः घरी आल्या. चहा पिता पिता म्हणाल्या, अशी झेप मी दुसऱ्या कुणाची बघितली नाही. मी विचारलं, हातपाय मोडला तर जबाबदारी कुणाची? त्या म्हणाल्या, खेळात लागतंच, खोटं कशाला सांगू? मला तेवढंच पुरलं. नवरा सही करायला निघाला होता, त्याच्या हातातून मी कागद काढून घेतला. पोरगी रडली नाही, भांडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आपले हातमोजे तिच्या जागी निवडलेल्या मुलीला नेऊन दिले.

महिन्याभरात शिबिरात त्या मुलीचा पाय मोडला. बातमी आली आणि मी गल्लीत घरोघर सांगत सुटले: बघा, माझं ऐकलं म्हणून आमची वाचली.

ती मुलगी सहा महिने घरी बसली आणि पुन्हा मैदानात उतरली. आज कागलकडच्या एका शाळेत ती खेळ शिकवते. किंचित लंगडते, पण मोटारसायकल भरधाव चालवते. माझ्या मुलीला मात्र काही झालं नाही. खरोखरच काही झालं नाही. घरापासून दहा मिनिटांवरचं ऑफिस, इतकी वर्षं एकच टेबल. एक मुलगा तिला आवडला होता. त्याला नोकरी सोडून आजऱ्यात काजूचा कारखाना टाकायचा होता. हिनं विचारलं, नाही चालला तर? तो बिचारा वाट बघून थकला. तेव्हा मी मनातून खूश झाले होते, आता लपवून काय उपयोग?

यंदा तिला पुण्याला बढती मिळत होती. नवरा जाऊन दोन वर्षं झाली. माझ्यामागं ही एकटी कशी जगणार, या विचारानं झोप लागत नाही. मीच म्हटलं, जा की, जरा धाडस कर.

ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, त्या पोरीचा पाय मोडला तवा तू किती खूश हुतीस, ठाऊक हाय तुला? पेढे वाटायचं तेवढं राह्यलं हुतं."

"मला तुझी काळजी हुती गं."

"व्हय की. आन मला वाटायचं, माझा मोडला असता तर बरं झालं असतं."

 तिनं मेथी धुतली, फोडणीला टाकली. पुण्याला तिनं नकार कळवला.

परवा शेजारीण विचारायला आली, नातीला फुटबॉलला घालू का? मी म्हटलं, घाला. पडेल, रडेल, तरी घाला. मुलगी आतल्या खोलीत होती. माझं बोलणं संपायच्या आधीच तिनं दार लोटून घेतलं.