तारेची गाडी आणि दादाची चकाकी

तारेला तार हे नाव दादानंच पाडलं. लहानपणी ती इतकी बारीक होती की दाराच्या फटीतून आत यावी. आता कपड्यांच्या कारखान्यातली ऐंशी शिलाई मशिनं तिच्या जिवावर चालतात. एखादं अडलं की बाकीचे मेकॅनिक डोकं खाजवत बसतात, आणि ही नुसता कान लावून कुठला भाग झिजलाय ते सांगते. अशी बहीण अख्ख्या गल्लीत दुसऱ्या कुणाला आहे का? नाही. दादानं चौकशी केलेली आहे.

तर या तारेनं आपली जुनी मोटरसायकल रेसच्या ट्रॅकवर पळवायचं मनावर घेतलं. ट्रॅक साध्या माणसांसाठी वर्षातून एकच दिवस उघडतो. सकाळी नऊच्या आत तपासणीत गाडी पास झाली तर आत, नाहीतर बसा वर्षभर हात चोळत.

तीन आठवडे ती जिन्याखाली गाडीपाशी बसून होती. आरसे काढले, पडलं तर काच सांडू नये म्हणून दिव्यावर टेप चिकटवली, ब्रेकचे पॅड बदलले. मग इंजिनाखालच्या ऑइलच्या बोल्टला बारीक भोक पाडून त्यातून तार ओवली आणि पक्कडीनं पीळ देऊन बांधली. बोल्ट सुटायला लागला तर त्या तारेनं त्याला आवळायच्या बाजूला ओढायला हवं. पहिल्यांदा ती उलट्या बाजूनं बांधली गेली, म्हणून तारेनं तोडून टाकली आणि परत बसली.

"गाडीच्या पोटाखाली कोण डोकावणार आहे?" दादा म्हणाला.

"ज्याला डोकावायचंय तो डोकावेल."

"तारेनं तारेला पीळ घातला," आई वरून म्हणाली. "आता जेवायला या, नाहीतर मी तुम्हाला घालते."

दादाचं आणि शाळेचं कधी पटलं नाही, पण पॉलिशमध्ये त्याचा हात धरणारा कुणी नाही. शोरूममधून नवी गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात जाते ती त्याच्या हाताखालून. लोक आरशासारखं टाकीत बघून भांग पाडतात.

तपासणीच्या सकाळी तार आंघोळीला गेली आणि दादाची नजर टायरांवर पडली. मळके, राखाडी. एवढ्या लोकांत आपल्या बहिणीची गाडी अशी जाणार? नाक कापलं जाईल. त्यानं शोरूमचा पॉलिशचा डबा काढला आणि दोन्ही टायरांना दोन-दोन हात दिले. काळेभोर झाले, अगदी ओल्या जांभळासारखे. मग गाडी टेम्पोत चढवून त्यावर चादर टाकली, कडा घट्ट बांधल्या. टेम्पो लाँड्रीवाल्या काकांचा, चादरही त्यांचीच, चालवायलाही तेच.

"चादर कशाला?" तारेनं विचारलं.

"धूळ बसते. तू पुढे बस."

ट्रॅकवर त्यांचा नंबर आला तेव्हा दादानं पुतळ्यावरचा पडदा काढावा तशी चादर ओढली. तारेचा चेहरा पांढराफटक पडला. दादाला वाटलं, आनंदानं.

तपासणाऱ्या बाई पिकल्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. आधी त्या वाकल्या, बॅटरी मारून बोल्टची तार बघितली, बोटानं ओढली आणि मान हलवली. मग तेच बोट टायरवर फिरवलं. बोट काळं झालं आणि घसरलं.

"हे कुणी लावलं?"

"मी," तार म्हणाली. "चुकलं माझं."

"तार बांधणं कळतं आणि एवढं कळत नाही? पहिल्याच वळणावर गाडी लोण्यावरून जाईल. अशा माणसाला मी आत सोडत नाही." बाईंनी पेन उचललं.

'चुकलं माझं' हे दोन शब्द दादाच्या तोंडून आजवर कुणी ऐकलेले नाहीत. आईनंही नाही. पण ते पेन कागदाला टेकायला आलं होतं.

"बाई, मी लावलं. तिला न विचारता. चादरही त्यासाठीच. तिनं बघितलं असतं तर माझे हात तोडले असते."

बाईंनी तारेकडे बघितलं. तार जमिनीकडे बघत होती.

"तुम्ही काय करता?"

"गाड्या चमकवतो."

"आज उलटं करा. आठ पस्तीस झालेत. नऊच्या आत टायर कोरडे ठणठणीत पाहिजेत."

काकांच्या टेम्पोत साबणाची पावडर होती, कॉलर घासायचे ब्रश होते. पुढचा टायर तारेनं घेतला, मागचा दादानं. घासघास घासलं, पण दादाचंच काम, सहजासहजी निघतंय कसलं.

"जरा वाईट नाही का लावायचं?" तार धापा टाकत म्हणाली.

"वाईट मला जमत नाही."

तारेला हसू फुटलं, पण ब्रश थांबला नाही. शेवटी काकांच्या इस्त्रीच्या चार शर्टांनी टायर पुसले. कुणाचे होते ते काकांनी सांगितलं नाही.

नऊला तीन मिनिटं कमी असताना बाईंनी परत बोट फिरवलं. कोरडं. त्यांनी टाकीवर पासचा स्टिकर चिकटवला. "पहिल्या फेऱ्या सावकाश. टायर घासू दे."

तार आत जायला रांगेत उभी राहिली. दादाचे हात काळे, शर्ट ओला. टाकीवर साबणाचे डाग वाळत होते. त्याचा हात खिशातल्या फडक्याकडे गेला, आणि तसाच परत आला. मग तो शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाला,

"वरून काय बघताय? जरा खाली बसा. बोल्टची तार बघा. माझ्या बहिणीनं बांधलीय."