ज्ञानोबाच्या हातून काहीच सुटलं नव्हतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी कुठे कसा तोंडावर पडलो ते रंगवून सांगत असतो. माझ्या फजित्या ऐकायला लोक मला चहा पाजतात. ही एक तेवढी राखून ठेवली. का, ते कळेलच.

महाळुंग्याच्या एका कंपनीत मी लाइन लीडर. काम ठीकठाक, पण टोपणनावं ठेवण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. स्टोअरचे जाधव मूळव्याधीमुळे बसायला उशी आणू लागले — शिफ्ट सुटायच्या आत त्यांचे 'गादीसाहेब' झाले होते. निवृत्त झाले तेव्हाही गादीसाहेबच. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो होतो.

तर अशा माणसाला नागीण उठावी कुठे? ढुंगणावर.

आधी ठणका, मग पाणी भरलेले फोड. दवाखाना? छे! दाखवणार कोण? बाथरूमची कडी लावून, दाढीचा आरसा मागे धरून मी गेरूचा लेप लावू लागलो. आरशात डावं-उजवं कळेना, निम्मा लेप चांगल्या बाजूला गेला. चार दिवस हा उद्योग. पाचव्या दिवशी लघवीच बंद. शिफ्टमध्ये पाच वेळा जाऊन उभा राहिलो — थेंब नाही. पोट टम्म, बैठकीची जागा बधिर, पाय दुसऱ्याचे असल्यासारखे. मशीनपाशीच खाली बसलो. उचलून नेलं, नळी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. लहानपणीच्या कांजिण्यांचाच विषाणू, इतकी वर्षं अंगात दबा धरून होता. कण्याच्या तळाशी मज्जातंतूंची मुळं असतात, तिथे त्याने सूज आणली. लघवीचा ताबा तिथूनच असतो. बरे व्हाल, म्हणाल्या, पण वेळ लागेल. मी विचारलं — परवा जड उचललं होतं, त्याने तर नाही ना? "त्याचा काहीएक संबंध नाही."

म्हणजे मला माहीत होतं. हे ध्यानात ठेवा — मला माहीत होतं.

दुपारी सेफ्टी ऑफिसर आले, बरोबर लाइनवरचे दोघे. "काय राव, झालं काय नक्की?" एकाने विचारलं, आणि त्याची नजर पलंगाला लटकवलेल्या पिशवीवर गेली. मला माझं टोपणनाव ऐकू आलं. कुणी ठेवलंही नव्हतं अजून — पण त्यांच्या जागी मी ठेवलंच असतं ना?

त्या परवाच्या दिवशी लाइनवरचा जड माल उचलायचा हॉइस्ट बंद होता, म्हणून एक लोखंडी फिक्स्चर आम्ही दोघांनी हातांनी उचललं होतं. मी आणि ज्ञानोबा. ज्ञानोबा ठेक्यावरचा, बीडकडचा, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा — तरी मी त्याला अरे-तुरेच करायचो. एक, दोन, तीन म्हणून उचललं. अलगद ठेवलं. बस्स.

"ज्ञानोबाच्या हातून टोक सुटलं," मी म्हणालो. "सगळा भार माझ्या कमरेवर आला."

एवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नाही. मी गोष्ट सांगणारा ना! कण्यात कसं 'कट्' झालं, तो आवाजही तोंडाने काढून दाखवला. दवाखान्याचे कागद इंग्रजीत. कण्याच्या नसांना सूज, एवढंच सगळ्यांना कळलं. गोष्ट फिट्ट बसली. तिसऱ्या दिवशी ज्ञानोबाचा गेटपास बंद झाला. ठेकेदाराने त्याला दुसऱ्या कंपनीतही लावलं नाही.

मी काय केलं? काही नाही. एक फोन पुरला असता. रोज ठरवायचो, आणि रोज आधी नळी निघू दे म्हणायचो. नळी निघाली. मग म्हटलं, आधी चालता येऊ दे.

दीड महिन्याने, एका रविवारी, तो पिंपळे गुरवला माझ्या घरी आला. बरोबर त्याची बायको. खोली रिकामी केली होती, मुलीची शाळा मध्येच सोडवून गावी निघाले होते. मला वाटलं, आता हा सगळ्यांसमोर जाब विचारणार. तो उभाच राहिला.

"भाऊ, म्या लई आठवून बघितलं," तो म्हणाला. "हात सुटल्याचं मला काई ध्यानातच येईना. पर तुमी खोटं कशाला बोलताल? सुटलाच आसंल. माफ करा मला."

आणि वाकून त्याने माझ्या पायांना हात लावला. माझ्याहून मोठा माणूस. पायांत जाणीव परत येत होती तेव्हा — त्याची बोटं खरखरीत होती, मला कळलं.

तोंड उघडायला त्याहून सोपी वेळ कुठली येणार होती? मी उघडलं. "जाऊ दे, ज्ञानोबा," मी म्हणालो. "माझ्या मनात काही नाही. मी कधीच माफ केलंय तुला."

त्याचे डोळे भरून आले. माझ्या बायकोने त्यांना चहा दिला, वाटेत खायला चिवडा बांधून दिला. ते जिना उतरून गेल्यावर ती माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "मन मोठं आहे हो तुमचं."

मी मान डोलावली.