घोटीवरून धरणावर, कोळशाच्या मोटारीने

मंडळी, पोचलो की त्याच दिवशी लिहीन म्हणालो होतो... आज तिसरा दिवस. कागद होता, शाई होती, वेळ तर नुसता पडून होता. पण लिहायचं म्हणजे काय झालं ते सांगावं लागणार, म्हणून टाळत राहिलो.

आत्ता दुपारचे दोन वाजलेत. शेंडी गावात अक्काच्या घराच्या ओट्यावर बसलोय, समोर भंडारदरा धरणाचं पाणी पसरलंय. अक्काला एक दिवसाआड बरोबर तीनला थंडी वाजून ताप भरतो... आज तापाच्या पाळीचा दिवस. नुसतं बसवत नाही, म्हणून लिहायला घेतलं.

तुम्हाला मी अर्धंच सांगितलं होतं. अक्काला सातवा महिना आहे. दाजींनी कळवलं होतं की इथल्या दवाखान्यात लढाईमुळे हिवतापाची एक गोळी उरलेली नाही, आणि आणखी दोन-तीन पाळ्या आल्या तर आई आणि मूल, दोघांचंही अवघड आहे. मुंबईत वणवण करून मी कोयनेलच्या गोळ्यांची पुडी मिळवली ती त्यासाठी.

आता जायचं कसं? मुंबई एवढी इलाख्याची राजधानी, पण भंडारदऱ्याला कसं जावं हे विचारलं तर आपल्या खोलीतच दोन तट पडले, आठवतंय ना... एक म्हणे नाशिकरोडला उतर, तिथून सर्व्हिस मोटारीने संगमनेर, मग अकोले, राजूर. लांबचं, पण खात्रीचं. दुसरा म्हणे घोटीला उतर, तिथून कोळशाची मोटार. जवळचं, पण मोटार तिच्या मर्जीची.

मी घोटी धरलं. तुम्हाला वाटलं घाई म्हणून. खरं कारण वेगळंच... संगमनेर माझं गाव. तिथे उतरलो की कोणीतरी हाक मारणार, चहा होणार, नदीवर चक्कर होणार, आणि दोन दिवस कुठे गेले ते मलाच कळणार नाही. मला रस्त्याची भीती नव्हती, माझीच होती.

घोटीला मोटार उभी होती. पेट्रोल मिळत नाही म्हणून मागे हे एवढं पिंप बसवलेलं, त्यात कोळसा पेटवायचा आणि त्या धुरावर इंजिन चालवायचं. मला जागा मिळाली ती नेमकी पिंपाला टेकून. उकडायला लागलं म्हणून कोट काढून बाकाच्या पाठीवर टाकला... पुडी कोटाच्या खिशात.

शेजारी एक म्हातारी होती, मांडीवर बोचकं. तिला मी अक्का, दाजींचं धरणावरचं हापिस, ताप, गोळ्या, सगळं सांगून टाकलं. तिचं गाव मात्र विचारलं नाही. माझं बोलणं संपेल तेव्हा ना!

घाटाच्या पायथ्याशी मोटार धापा टाकू लागली. ड्रायव्हर ओरडला, "गडीमानसं सगळी खाली! आडवाटंनं वर या. माथ्यावर गाडी हळू करीन, पन थांबायचा न्हाई. येकदा थांबली की पुन्हा दोन तास कोळसा फुकत बसावं लागतंय!" म्हातारी मला म्हणाली, "जा की लेका, का तुलाबी बाईमानसात धरायचं?"

सगळे हसले, मीही हसत उतरलो. कोट तिथेच राहिला.

पायवाटेच्या कडेला ओढ्यात एक जण खेकडे धरत होता. दगडाखाली काडी घालून असा काही बाहेर काढायचा की... एकच बघून निघू म्हटलं. मग दुसरा. वर मोटारीचा आवाज आला तेव्हा धावलो. माथ्यावर पोचलो तर नुसता धूर, आणि मोटार वळणाआड गेलेली.

तसाच रस्त्याने पुढे सुटलो. ऊन कलत होतं, दोन्हीकडे रान. झाडीत काही खसपसलं की वाघच वाटायचा. पण वाघापेक्षा ती पुडी... हल्ली त्या गोळ्या दिसल्या तर कोण सोडतंय? आयुष्यात पहिल्यांदा कुठेही न थांबता चाललो. तिन्हीसांजेला बारी गाव लागलं, ओट्यावरून कुणी हाकाही मारल्या. मान वर केली नाही, जवळजवळ पळतच गाव ओलांडलं.

शेंडीला आलो तर अक्काची थंडी ओसरली होती आणि ती तापाने फणफणत होती. ग्लानीतच म्हणाली, "आलास? जेवलास का?" मला तोंड दाखवावंसं वाटेना.

दाजींना खरं सांगितलं.  दुसऱ्या दिवशी मी राजूरपर्यंत चालत जाऊन तिथे मुक्कामाला असलेली ती मोटार गाठली. ड्रायव्हर म्हणाला, गाडीत कोट नव्हताच. दाजी एवढंच म्हणाले, "गेला म्हणायचा." अक्काला सांगितलंय की गोळ्या मागून येताहेत. ती खुळी वाट बघतेय.

अडीच वाजले. आतून अक्का म्हणतेय, बोटं गार पडायला लागलीत... दाजींनी घोंगड्या काढल्या. मंडळी, मला पुढे लिहवत नाही.

थांबा. फाटकाशी कुणीतरी आलंय, दाजींचं नाव विचारतंय.

म्हातारी! मोटारीतली! भर उन्हात अंगात माझा कोट घालून उभी आहे, आणि मला बघताच तिथूनच ओरडतेय, "आरं मुडद्या, बारीला हाका मारून घसा बसला माझा, पळालास का? भात कापायचं सोडून आले मी!" कोटाचा खिसा तिने जाड दोऱ्याने शिवून टाकलाय. "सांडल्या असत्या म्हून टाके घातलं. कुठं हाय पोरगी? इळा आन आधी, उसव."