पाना कोठे लावतीन?

पोळ्याच्या आधी आमच्या शेजारचे आबा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली दबले आणि त्यांच्या कमरेमागचा सांधा निखळला. धुळ्याच्या डॉक्टरांनी पडद्यावर हाड बघत बघत बारीक छिद्रांतून दोन लांब स्क्रू बसवले. एवढ्याशा जखमेवर आबांचा भरवसाच बसेना. शिंदखेड्यात भेटेल त्याच्यासमोर एक्स-रे उन्हात धरायचे आणि विचारायचे, "ह्या स्क्रू ढिला व्हयनात ते पाना कोठे लावतीन?" खाली बसायला डॉक्टरांनी कधीचीच परवानगी दिली होती, पण आबा खुर्ची सोडेनात.

काल मळ्यात वांग्याच्या भरताची पंगत बसली. आबांनी खुर्ची बाजूला सारली, माझा खांदा गच्च धरला आणि हळूहळू खाली बसून चक्क मांडी घातली. वाढता वाढता आबांच्या घरच्या काकूंचा हात थांबला, सगळी पंगत आबांकडे बघू लागली.

"बठ्ठा काय देखतस?" आबा म्हणाले. "पाना नही लागना. वाढा आते!"