खिडकीत न आलेली अक्का

माझ्या कॅमेऱ्याच्या इवल्या खिडकीत प्रत्येक गोष्ट आधी दोनदा दिसायची. जळगावला मेहरूणच्या तळ्यावर संध्याकाळी बसून मी लेन्सचं कडं हळूहळू फिरवत राही. काठावरची एकच बाभूळ दोन होऊन तरंगे, मग एक अलगद दुसरीत शिरे. बघता बघता गुंगी यायची आणि फोटो काढायचं राहूनच जायचं.

खिडकीला एक खोड होती. कुठलीही लेन्स लावा, ती दाखवायची साध्या लेन्सपुरतंच. आजूबाजूचं जास्त टिपणारी रुंद लेन्स लावली की कॅमेऱ्याच्या माथ्यावर तिचा वेगळा फाइंडर बसवून त्यातून बघावं लागे.

बहिणीच्या लग्नाला मी दोन्ही लेन्स घेऊन भडगावला घरी गेलो. आई आमच्या लहानपणीच गेलेली. आम्हाला वाढवलं ते वडिलांच्या विधवा बहिणीनं, अक्कानं. बहिणीचा एकच हट्ट, फोटोत अक्का हवी. पण शुभकार्यात विधवेनं पुढे यायचं नाही, हे अक्काच्या हाडीमाशी भिनलेलं. मला संताप आला. आम्हाला न्हाऊमाखू घालताना बरी चालत होती ती!

वडिलांना सगळं गणगोत हवं होतं. "बठ्ठा येतस ना रे?" असं ते पुन्हा पुन्हा विचारत होते. अंगण अपुरं पडलं, म्हणून मी रुंद लेन्स लावली, वर फाइंडर बसवला आणि सगळ्यांना घेतलं. अक्का तेवढा वेळ आत जाऊन बसली. मग फाइंडर काढून मी खिशात टाकला. आता फक्त बहीण आणि वडील, दोघांचाच फोटो घ्यायचा होता. अक्का बाहेर येऊन त्यांच्यापासून जरा लांब, दाराशी उभी राहिली.

"मी नई ना दिसस?" तिनं विचारलं.

मी खिडकीला डोळा लावला. दोन नवऱ्या सरकत सरकत एक झाल्या. अक्का कुठेच नव्हती.

"नई," मी चिडूनच म्हणालो आणि बटण दाबलं.

जळगावला फोटो धुतला तेव्हा कळलं, लेन्स बदलायची राहिलीच होती. मधे वडील आणि बहीण लहानसे, आणि कडेला अक्का, आख्खीच्या आख्खी. ते दोघं कॅमेऱ्याकडे बघत होते आणि ती बहिणीकडे. दोन्ही हातांची बोटं कानशिलांवर टेकवून ती मोडत होती. लेकीची दृष्ट काढत होती.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, बहीण माहेरी आली तेव्हा मी फोटो घेऊन गेलो. अक्का घाबरलीच. "माले काप त्यामाईन," म्हणाली. अंगणातल्या निंबाला झोका बांधला होता, शेजारच्या बायका गाणी म्हणत होत्या. बहिणीनं फोटो बराच वेळ पाहिला आणि त्या सगळ्यांदेखत ती अक्कासमोर जाऊन उभी राहिली.

"तवय मी देखंच नई," ती म्हणाली. "आते मोड."

अक्कानं एकदा बायकांकडे पाहिलं, मग हात वर नेले. कॅमेरा माझ्या गळ्यातच होता. पण डोळे भरून आले होते, मला दोन अक्का दिसत होत्या, आणि त्यांना एक करायची मला मुळीच घाई नव्हती.